खणाचं अस्तर लावलेलं पिस्तूल

साडी घेताना रत्नाबाई सबनीस दुकानदाराचा अक्षरशः जीव काढतात, हे मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या यच्चयावत मराठी बायकांना ठाऊक होतं. पण बंदुकीच्या दुकानात जाऊनही त्या तेच करतील याची तिथल्या दुकानदाराला, बिचाऱ्या डेलला, कुठून कल्पना असणार! त्याला वाटलं, पंजाबी ड्रेसवर ब्लेझर घातलेली ही पन्नाशीची बाई रस्ता विचारायला आत आलीय.

"मला एक लहानशी हवी," रत्नाबाई काउंटरवर पर्स ठेवत म्हणाल्या. "कपड्यांच्या आत दिसणार नाही अशी. आणि टोचता कामा नये."

डेलने काचेखालून एक काढून दिली. रत्नाबाईंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "यातलंच दुसरं दाखवा." त्याने दुसरी दाखवली. मग तिसरी. मग वरच्या कप्प्यातली, मग खालच्या. थोड्या वेळात डेलच्या काउंटरवर एवढी हत्यारं पसरली होती की मागून आलेला एक शिकारी घाबरून आल्या पावली परत गेला. अमेरिकन दुकानदार एका वेळी एकच वस्तू काढतो आणि ती आत ठेवून मग दुसरी काढतो. बाईंनी त्याला तसं करूच दिलं नाही. शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय फरक कसा कळणार, हा त्यांचा रोकडा सवाल होता. वर त्यांनी विचारलं, घरी नेऊन मिस्टरांना दाखवून नाही आवडली तर परत घेता का? डेल दाढी खाजवत बसला.

आता ही बाई इथवर आली कशी, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईंचं डोकं फिरलं होतं.

रत्नाबाई घरं विकायच्या. नागपूरहून लग्न करून मिशिगनला आल्या, एक लेक वाढवली, आणि लेक शाळेत जायला लागल्यावर रीतसर परीक्षा देऊन घरांच्या एजंट झाल्या. धंदा चांगला चालायचा, कारण बाईंना समोरच्या माणसाची बायको कोणत्या स्वयंपाकघरावर भाळणार हे दारातच कळायचं. नवरा जगन्नाथराव मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. पण दोन हजार सातपर्यंत कंपनीने मोटारींपेक्षा माणसंच जास्त काढायला सुरुवात केली होती. जगन्नाथरावांना बरीच रक्कम देऊन सन्मानाने घरी पाठवलं, आणि तेव्हापासून ते सोफ्यावर बसून जगातल्या सगळ्या गोष्टींवर मतं देत असत. म्हणजे घर चालायचं ते रत्नाबाईंच्या जिवावर.

त्याच वर्षी घरांची बोंब झाली. हप्ते थकलेली घरं बँकांनी ताब्यात घेतली, माणसं निघून गेली, आणि रत्नाबाईंच्या वाट्याला यायला लागली ती रिकामी, वीज तोडलेली, कोंदट घरं. अशाच एका घरात एप्रिलमध्ये त्या गिऱ्हाइकाच्या आधी एकट्या पोचल्या. बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय का बघायला खाली उतरल्या, तर अंधारातून एक माणूस उठला. त्याने त्यांना भिंतीवर ढकललं, पर्स घेतली, गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं आणि वर जाऊन दाराला बाहेरून कडी घातली. मोबाईल पर्समध्येच गेला. बाई छोट्या खिडकीपाशी उभ्या राहून "धावा हो, धावा!" असं ओरडत राहिल्या. जीव कासावीस झाला की माणसाला आपली भाषाच आठवते, त्याला त्या काय करणार? सबंध गल्लीत मराठीचं एक अक्षर कळणारं कोणी नव्हतं. शेवटी पोस्टमनला वाटलं आत मांजर अडकलंय, म्हणून त्याने दार उघडलं.

जखम म्हणाल तर खांद्याला खरचटलं, बस्स. पण त्या दिवसानंतर रत्नाबाई बेसमेंटची पायरी उतरेनात. जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून गिऱ्हाइकाला सांगायच्या, "आणि हे खाली बेसमेंट. फारच सुंदर आहे. तुम्ही बघून या, मी इथेच थांबते." आता मिशिगनमध्ये बेसमेंट न बघता कोणी घर घेतं का? घर गरम ठेवायची भट्टी तिथे, पाण्याची टाकी तिथे, भिंतीच्या चिरा तिथे. एजंटच खाली यायला तयार नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक मनात म्हणणार, खाली प्रेत पुरलंय की काय! एक गेलं, दुसरं गेलं. रत्नाबाईंना रात्री झोप लागेना. ही भीती गेली नाही तर धंदा गेला, आणि धंदा गेला तर सोफ्यावर जगन्नाथरावांच्या शेजारी जाऊन बसायचं. दुसऱ्या गोष्टीची त्यांना जास्त धास्ती होती.

"नोकरी सोड," जगन्नाथराव म्हणाले.

"मग खाऊ काय, तुमची मतं?"

"मग मी येतो तुझ्याबरोबर."

"अहो, गिऱ्हाइकासमोर नवऱ्याचं बोट धरून जाऊ? मी काय बालवाडीत चाललेय?"

ॲन आर्बरला शिकणारी लेक मोना फोनवर म्हणाली, "आई, आर यू इनसेन? अ गन?" रत्नाबाई म्हणाल्या, "तू तुझा अभ्यास कर." आणि थेट डेलच्या दुकानात जाऊन थडकल्या.

तर डेल. त्याने आधी हात टेकले आणि मग, खरं सांगायचं तर, त्यालाही मजा यायला लागली. पहिलं पिस्तूल इतकं चपटं आणि गोंडस होतं की रत्नाबाई हरखल्या. पण त्याचा वरचा भाग मागे खेचायला जोर लागायचा, आणि बाईंचा अंगठा पोळ्या लाटून लाटून केव्हाच कामातून गेला होता. दात-ओठ खाऊन ओढलं तरी ते हलेना. डेलने ते बाजूला ठेवलं आणि छोटी रिव्हॉल्व्हर दिली. हिला काही खेचायला नको, नुसता घोडा दाबायचा. आणि हलकी तर इतकी, की पर्समध्ये आहे हे आठवावं लागेल. "हीच!" बाई म्हणाल्या. डेल म्हणाला, थांबा, आधी मागच्या रेंजवर उडवून बघा.

उडवली. पहिल्याच गोळीला हात कोपरापर्यंत झिणझिणला आणि बाईंच्या तोंडून आईची आठवण निघाली. डेलने समजावलं की बंदूक जेवढी हलकी, तेवढा तिचा दणका मोठा. बाळगायला सुखाची ती उडवायला दुःखाची.

"अगदी आमच्या ह्यांच्यासारखं," रत्नाबाई म्हणाल्या. "चार लोकांत मिरवायला बरे, घरात सांभाळायला त्रास." डेल खो खो हसला.

शेवटी पसंत पडली ती पोलादी, थोडी वजनदार रिव्हॉल्व्हर. मुठीत बसायची, दणका सोसवायचा. पण वजन कमरेला दिवसभर झेपेल का? दुसरी कुणी असती तर घेऊन मोकळी झाली असती. रत्नाबाईंनी घरी जाऊन खलबत्त्यातला पितळी बत्ता काढला, रुमालात गुंडाळला आणि ब्लेझरच्या आत कमरेला खोचून आठवडाभर वावरल्या. बत्ता लावून घरं दाखवली, बत्ता लावून भाजी आणली. जगन्नाथरावांना आलं कुटायला बत्ता सापडेना. बायकोच्या कमरेतून तो निघालेला बघितल्यावर त्यांनी त्या दिवसापुरता चहाच सोडला.

बत्ता झेपला, म्हणून रिव्हॉल्व्हर घेतली. बंदूक चालवायच्या वर्गाला रीतसर गेल्या, बोटांचे ठसे दिले, लपवून बाळगायचा परवाना काढला. पण डेलने दिलेलं चामड्याचं म्यान कमरेला घासायचं. कातडी लाल झाली. रत्नाबाईंनी मग पेटी उघडून चोळीचा एक जुना इरकली खण काढला आणि म्यानाच्या मागच्या बाजूला कमरेकडून खणाचं मऊ अस्तर शिवलं. आमच्या आज्या कमरेला बटवा खोचायच्या, तसंच हे. डेलने ते बघितलं तेव्हा त्याने अस्तरावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, हे आपल्या गिऱ्हाइकांसाठी शिवून द्याल का?

आता कुठे टोचत नव्हतं. काळी किनार आणि जांभळं अंग असलेलं ते अस्तर कमरेला असं बसलं की आपण काही लावलंय हे बाई विसरूनच गेल्या. मंडळाच्या गणपतीला नऊवारीच्या आत लावून गेल्या आणि कोणाला पत्ता लागला नाही. देवळात मात्र न्यायची कायद्याने बंदी, म्हणून चपला दाराशी आणि रिव्हॉल्व्हर गाडीत कुलपात, असा नेम झाला.

वर्गातल्या मास्तरने एक गोष्ट पक्की बजावली होती. प्रसंग आला की डोकं चालत नाही, हातच चालायला हवा. तेव्हा रिकामी रिव्हॉल्व्हर घेऊन रोज सराव करा, हाताला सवय लावा. रत्नाबाईंनी सवय लावली ती स्वयंपाकघरात. कुकर चढवायचा आणि समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभं राहायचं. शिट्टी झाली, की ब्लेझर मागे, हात कमरेला, दोन्ही हात छातीसमोर, टक टक, दोनदा घोडा. पुढची शिट्टी, पुन्हा. डाळ शिजेपर्यंत चांगला सराव व्हायचा. पुढे पुढे अशी वेळ आली की टीव्हीवर रेफरीने शिट्टी मारली तरी बाईंचा हात कमरेकडे जायचा, आणि जगन्नाथराव फुटबॉल बघताना आवाज बंद ठेवायला लागले.

पण औषध लागू पडलं होतं. रत्नाबाई पुन्हा बेसमेंटमध्ये उतरायला लागल्या. कमरेवर तळवा टेकवायचा, श्वास घ्यायचा आणि खटाखट पायऱ्या उतरायच्या. सप्टेंबरात एक घर विकलंसुद्धा. जगन्नाथराव म्हणाले, "हे पिस्तुलामुळे नव्हे, बाजार सुधारतोय." बाजार कसला सुधारतोय, कपाळ! पण नवरा आहे, बोलू द्यावं.

आणि मग खंडेनवमी आली.

सबनिसांच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायचीच. दरवर्षी जगन्नाथराव पाटावर ड्रिल मशीन, पाने, लॅपटॉप मांडायचे आणि गॅरेजमधल्या बर्फ उडवायच्या यंत्रालाही हळदकुंकू वाहून यायचे. या वर्षी त्यांना उत्साहाचं भरतं आलं. "अगं, या घरात पहिल्यांदा खरं शस्त्र आलंय! आजवर आपण पान्यांवर भागवत होतो." सोवळं नेसून त्यांनी रिव्हॉल्व्हर पाटावर मधोमध मागितली. रत्नाबाईंनी गोळ्या काढून कपाटात ठेवल्या, रिकामी आहे हे दोनदा तपासलं आणि दिली. "नळीत अक्षता जाऊ देऊ नका हं, अडकेल." जगन्नाथरावांनी तिला झेंडू वाहिला, ओवाळली, नैवेद्य दाखवला. पोलादावर हळदकुंकवाची बोटं उमटली. मग बत्ताही आणून शेजारी ठेवला, सेवा झाली म्हणून.

शनिवार होता. दुपारी वरणाचा कुकर उतरवतेय तोच फोन आला. एका जोडप्याला बँकेचं एक घर आजच तीनला बघायचं होतं, उद्या ते गावाला जाणार. रत्नाबाईंनी सवयीप्रमाणे पत्ता आणि दाराला लटकवलेल्या किल्लीच्या डबीचे आकडे मोठ्याने म्हणत लिहून घेतले, ब्लेझर चढवला आणि पाटाकडे वळल्या.

"हां हां! काय करतेस?" जगन्नाथराव आडवे आले. "पूजेतलं शस्त्र उचलतात का? उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मग."

"अहो, रिकामं घर आहे. खाली बेसमेंट आहे."

"मग त्यांना सांग उद्या या."

"ते गावाला जातायत!"

आता रत्नाबाई काही फार देवभोळ्या नव्हत्या. एकादशीला ऑम्लेट खाल्लेलं आहे त्यांनी, मी सांगतोय ना. पण पूजेत मांडलेली वस्तू उत्तरपूजेआधी उचलायची, यावर मात्र त्यांचा हातच गेला नाही. लहानपणी नवमीला दप्तर पाटावर ठेवलं की दसऱ्यापर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही, हे अंगात मुरलेलं. गोळ्या घालून हळदकुंकवासकट उचलायची? नाही बाई.

"मी येऊ का?" जगन्नाथरावांनी हळूच विचारलं.

"काही नको. तुम्ही पाटापाशी बसा, राखण करा," असं फटकारून त्या निघाल्या. संताप नवऱ्याचा होता, पण भीती होती ती त्या बेसमेंटची.

वाटेत झेंडू घ्यायला त्या इंडियन ग्रोसरीत थांबल्या. खरं तर झेंडू घरात होता. वेळ काढायला थांबल्या, एवढंच.

घर गल्लीच्या टोकाला होतं. अंगणात गुडघाभर गवत, खिडक्यांना पडदे नाहीत. डबीचे आकडे फिरवून किल्ली काढली, तर दार नुसतंच लोटलेलं. बँकेची माणसं अशीच निष्काळजी, म्हणून त्या आत गेल्या. गिऱ्हाईक यायला वेळ होता. त्या बेसमेंटच्या जिन्याशी उभ्या राहिल्या. बटण दाबलं, वीज नाही. टॉर्च आणायला विसरल्या होत्या. कमरेवर तळवा टेकवला. तिथे नुसतं म्यान होतं, सवयीने अडकवलेलं, मऊ आणि रिकामं.

परत फिरावं असं फार वाटलं. पण मग पुढच्या घरी? त्याच्या पुढच्या? आयुष्यभर काय त्या लोखंडाच्या तुकड्याला विचारून पायरी उतरायची? चल रत्ना, म्हणत त्यांनी कठडा धरला.

निम्म्या जिन्यावर त्यांना श्वास ऐकू आला. भट्टीच्या मागे. मग दाबलेला खोकला.

पुढचं त्यांनी केलं नाही, त्यांच्या हातांनी केलं. ब्लेझर मागे गेला. हात कमरेला गेला. दोन्ही हात छातीसमोर आले, आवाज आला त्या दिशेला, आणि उजव्या हाताचं बोट आत वळलं. एकदा. दोनदा. कुकरच्या शिट्टीला व्हायचं तसंच, बिनचूक.

हातात काहीच नव्हतं.

"अगं, मी! मी आहे मी!" भट्टीमागून जगन्नाथराव म्हणाले.

छोट्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात ते पुढे आले. सोवळं सोडून पँट चढवली होती, पण कपाळावर गंध तसंच. हातात बंद पडलेला टॉर्च. "रागावू नकोस. तुझं पिस्तूल मी अडकवलं, म्हणून म्हटलं आधी येऊन खाली कोणी नाही ना बघून जावं. फोनवर आकडे ओरडत होतीस तेच पाठ झाले. गाडी मागच्या गल्लीत लावलीय. तेवढ्यात हा टॉर्च मेला आणि तू आलीस. म्हटलं पिस्तुलाशिवाय तू काही खाली उतरायची नाहीस, गेलीस की निघावं." मग त्यांनी डोळे बारीक केले. "पण तू हात असे का धरलेस?"

रत्नाबाईंचे हात अजून तसेच होते. ते खाली घ्यायला त्यांना वेळ लागला. "बटण शोधत होते," त्या म्हणाल्या, आणि जिन्यावरच बसल्या.

"घाबरलीस?"

"नाही."

"बघ! पिस्तुलाशिवाय काही अडलं का तुझं?" जगन्नाथराव खूष होऊन म्हणाले. रत्नाबाईंनी त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. बरीच वर्षं असं काही झालं नव्हतं, त्यामुळे जगन्नाथरावांनाही पुढे काय मत द्यावं सुचेना.

वर कोणीतरी दार ठोठावलं. जोडपं आलं होतं. रत्नाबाईंनी तोंड पुसलं, त्यांना बेसमेंटमध्ये आणलं आणि नवऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हे आमचे बेसमेंटचे तज्ज्ञ." तज्ज्ञांनी भट्टीवर इतका वेळ व्याख्यान दिलं की जोडप्याने घर घेतलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपटा मिशिगनात कुठला, पण मागच्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं तशीच दिसतात आणि ऑक्टोबरात पिवळी होऊन खरंच सोन्यासारखी होतात. जगन्नाथरावांनी ती बायकोच्या हातावर ठेवली, उत्तरपूजा केली आणि म्हणाले, "घे, आता उचल तुझं शस्त्र." रत्नाबाई नैवेद्याचं ताट घेऊन आत निघून गेल्या. दिवसभर ते पाटावरच राहिलं. त्या दिवशी कुकरही लावला नाही, पुऱ्या तळल्या.

सोमवारी त्या डेलच्या दुकानात गेल्या. बाहेर गाडीत जगन्नाथराव बसले होते, कारण अकराला एक घर दाखवायचं होतं आणि त्याला बेसमेंट होतं. आता ते बरोबरच यायचं म्हणत होते आणि बाई नाही म्हणत नव्हत्या. रत्नाबाईंनी रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवली. घोड्याच्या बेचक्यात अजून कुंकू होतं.

"परत?" डेलला धक्काच बसला. "एवढी निवडून घेतलीत! हाताला दणका बसतो का?"

"नाही."

"जड होते? कमरेला घासते?"

"छे! खणाचं अस्तर लावल्यावर तर मुळीच नाही." बाहेर जगन्नाथरावांनी हॉर्न वाजवला, एकदा आणि लगेच पुन्हा. रत्नाबाईंनी दाराकडे बघितलं. गाडीची काच खाली करून ते घड्याळ दाखवत होते. "फारच आरामाची आहे, डेल," त्या म्हणाल्या. "आहे की नाही, हेसुद्धा माझ्या हाताला कळलं नाही."